रंगाची नमुना सही

माणसाच्या आयुष्यात रंगाचा प्रश्न पहिल्यांदा गंभीरपणे उपस्थित होतो तो लग्नाच्या वेळी. एरवी स्वतःच्या घराच्या भिंतींचा रंग कोणता असे विचारले तर जो घरी जाऊन बघून सांगतो, तो मनुष्यसुद्धा स्थळ बघायला गेला की एकदम रंगतज्ज्ञ होतो. गोरा, केतकी, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा अशा छटा त्याला चहाचा कप खाली ठेवायच्या आत दिसू लागतात. यातला 'गव्हाळ' हा शब्द वधूपक्षाचा आणि 'सावळा' हा वरपक्षाचा. मुलगी तीच असते.

आमची आई १९७४ साली अशीच गव्हाळ म्हणून या घरात आली आणि उंबरठा ओलांडताच सावळी झाली. त्या लग्नाचा एक फोटो आमच्याकडे आहे. मूळचा काळापांढरा, पण आजोबांना हौस दांडगी, म्हणून त्यांनी तो स्टुडिओत देऊन हाताने रंगवून घेतला. रंगवणाऱ्याने आईला कधी बघितलेले नव्हते, आणि त्यामुळे त्याच्या कामात कुठलीच अडचण आली नाही. त्याने तिच्या गालांवर गुलाबी रंग दिला, ओठ डाळिंबी केले आणि शालू पोपटी केला. आईचा शालू वांगी रंगाचा होता. तिने आयुष्यात पोपटी रंगाचे काही नेसलेले नाही, पण आमच्या भिंतीवर ती पन्नास वर्षे पोपटी शालूत उभी आहे आणि येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, "तेव्हा किती गोऱ्या होता हो तुम्ही!"

त्याच भिंतीवर आता बाबांचाही फोटो आहे. बाबा गेले तेव्हा घाईघाईत कोणीतरी त्यांचा ओळखपत्राचा फोटो स्टुडिओत दिला आणि मोठा करून आणला. मोठा करताना स्टुडिओने बाबांना निळ्या आभाळासमोर बसवले, चष्म्यावरची चमक घालवली, रंग दोन पायऱ्यांनी उजळला आणि अंगात कोट घातला. बाबांनी जन्मात कोट घातला नाही. माझ्या लग्नातसुद्धा ते पांढऱ्या सदऱ्यात होते. तेरा दिवस आम्ही सगळ्यांनी या कोटवाल्या गृहस्थांना मनोभावे नमस्कार केला. चौदाव्या दिवशी आई फोटोकडे बघून म्हणाली, "हे कोण आलेत आपल्याकडे?"

हे सगळे आठवण्याचे कारण असे की, गेल्या दिवाळीच्या सुमारास आई मला म्हणाली, "माझा एक चांगला फोटो काढून ठेव."

"कशाला?" मी गाफीलपणे विचारले.

"पुढे लागेल," आई म्हणाली. "तुम्ही लोक ऐन वेळी धावाधाव करता. मग मला कोट घालाल नाहीतर नथ घालाल आणि गोरीपान करून टांगाल. मला मेल्यावर गोरी व्हायचं नाही. पन्नास वर्षं झालेय, पुरे."

असल्या बोलण्यावर काय उत्तर द्यायचे हे वाणिज्य शाखेत शिकवत नाहीत. मी खिशातून मोबाइल काढला आणि तिथल्या तिथे फोटो घेतला. फोटो झकास आला. आईच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या, गाल पेढ्यासारखे गुळगुळीत झाले होते आणि खिडकीशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसूनही चेहऱ्यावर जणू मंगल कार्यालयाचा प्रकाश पडला होता. आईने फोटो लांब धरून बघितला. "छान आहे ग बाई," ती म्हणाली, "कोणाची आहे?"

मोबाइलचा यात फारसा दोष नाही. त्याला शिकवलेलेच तसे असते. तो एका फोटोसाठी भराभर अनेक फोटो घेतो, त्यांची बेरीज-वजाबाकी करतो, चित्रात चेहरा कुठे आहे ते हुडकतो आणि त्या चेहऱ्याला कसा प्रकाश शोभेल ते स्वतःच ठरवतो. स्टुडिओतला तो रंगवणारा आता खिशात राहायला आला आहे, एवढाच फरक.

आमच्या शाखेत एक सहकारी आहेत. जुने कॅमेरे जमवणे हा त्यांचा छंद आणि त्याविषयी बोलणे हा त्यांचा व्यवसाय. बँकेत ते दोन्हींच्या मधल्या वेळात काम करतात. त्यांना मी आईची अडचण सांगितली. ते म्हणाले, "नैसर्गिक रंग पाहिजे? मग पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा डिजिटल कॅमेरा घ्या, सीसीडीवाला. आणि त्याला पन्नास वर्षांपूर्वीचं भिंग लावा." आजारी माणसाला वैद्याने जुना गूळ आणि जुने तूप सांगावे तसे त्यांनी सांगितले. मी बी.कॉम. असल्यामुळे कुठलीही खरेदी करण्याआधी जुने हिशोब बघतो. तेव्हा हा नैसर्गिक रंग आजवर कोणाच्या खात्यात कसा कसा जमा झाला ते बघायला बसलो, आणि चक्रावलो.

या खात्यातली पहिली मोठी नोंद १८६१ सालची. त्या वर्षी १७ मे रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल या थोर शास्त्रज्ञाने एका चौकड्यांच्या रंगीत फितीचा फोटो दाखवला. थॉमस सटन या छायाचित्रकाराने त्याच फितीचे फोटो लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून वेगवेगळे घेतले होते. मॅक्सवेलने ते तिन्ही त्या त्या रंगाच्या प्रकाशात पडद्यावर एकावर एक पाडले आणि रंगीत फीत दिसली. तीन रंगांतून सगळे रंग, हे तत्त्व सिद्ध झाले. भानगड एवढीच होती की, त्या काळच्या काचांना लाल रंग दिसतच नसे. मग लाल आला कुठून? याचा उलगडा शंभर वर्षांनी, १९६१ साली, कोडॅकच्या संशोधकांनी केला. फितीतला लाल रंग जंबुपार, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, किरणही परतवत होता. ते लाल गाळणीतून आरपार गेले आणि काचेने लालाच्या जागी त्यांची नोंद घेतली! आमच्या धंद्यात याला परस्परांना खाणाऱ्या चुका म्हणतात. एक चूक जमेला, तेवढीच दुसरी नावे. तेरीज जुळते आणि सगळे वेळेवर घरी जातात. रंगीत फोटोचा जन्म असा तेरीज जुळल्यामुळे झालेला आहे.

पुढची नोंद जरा बोचणारी आहे. बँकेत खाते उघडताना आम्ही नमुना सही घेऊन ठेवतो. चेक आला की त्यावरची सही नमुन्याशी ताडून बघायची. जुळली नाही तर चेक परत. मग खातेदार स्वतः समोर उभा राहून "अहो, मीच तो" म्हणून कितीही ओरडला तरी उपयोग नाही. रंगीत फोटोंच्या धंद्यातही अशी नमुना सही होती. १९५० च्या दशकापासून कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना एक कार्ड पाठवत असे. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. पहिल्या बाईचे नाव शर्ली, म्हणून पुढे मॉडेल बदलली तरी कार्डाचे नाव शर्लीच राहिले. या बाईची कांती नीट छापली गेली की रंग बरोबर. कार्डावर शब्दही असे 'नॉर्मल'! फिल्मची रसायनेसुद्धा गोऱ्या गिऱ्हाइकाच्या पसंतीला उतरतील अशीच बेतलेली. त्यामुळे एकाच फोटोत गोरा आणि काळा माणूस शेजारी बसले की गोऱ्याच्या पापण्यासुद्धा मोजता येत आणि काळ्याचे फक्त डोळे आणि दात दिसत.

आमच्या अल्बममध्ये १९८८ साली झालेल्या माझ्या मुंजीचा रंगीत फोटो आहे. त्यात काकू गोरी, ती अगदी नाकातल्या चमकीसकट स्पष्ट आली आहे. शेजारी आई म्हणजे पैठणीच्या वर एक काळोख. रोल कुठल्या कंपनीचा होता हे अल्बम सांगत नाही आणि फोटोग्राफरचा फ्लॅशही धन्य असणार. पण तो फोटो बघताना आई इतकी वर्षे "मी कशीच येत नाही फोटोत" असे म्हणून पान उलटत होती. नमुना सहीच दुसऱ्याची आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. गंमत म्हणजे गडद तपकिरी रंगांकडे कंपनीचे लक्ष गेले त्याला माणसांइतकीच लाकडी सामान आणि चॉकलेट बनवणारेही कारण झाले, असे कोडॅकच्याच जुन्या मंडळींनी पुढे सांगून ठेवले आहे. आपले शिसवी टेबल आणि आपले चॉकलेट जाहिरातीत नीट दिसत नाही अशी या लोकांची तक्रार होती. टेबलाची तक्रार माणसापेक्षा लवकर ऐकली जाते, हा अनुभव मलाही ऑफिसात आहे. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका असलेले कार्ड कोडॅकने काढले ते १९९० च्या दशकात.

मधल्या काळात कॅमेऱ्यातून फिल्म जाण्याची तयारी सुरू झाली होती. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ या दोघांनी १९६९ च्या ऑक्टोबरात तासाभराच्या चर्चेत सीसीडीचा आराखडा फळ्यावर काढला. दोघांना २००९ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आमच्या तासाभराच्या मीटिंगमधून आजवर फक्त पुढच्या मीटिंगची तारीख निघाली आहे. १९७५ साली कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियरने सीसीडी बसवून पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साधारण साडेतीन किलो, चित्रात अवघे १०,००० ठिपके, तेही काळेपांढरे, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. फिल्म विकून जगणाऱ्या कंपनीनेच बिनफिल्मचा कॅमेरा करावा आणि तो कपाटात ठेवावा, आणि मग २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज करावा, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याने रडत रडत वाचण्याचे प्रकरण आहे.

सीसीडी म्हणजे काय हे मला सहकाऱ्यांनी समजावले तेव्हा कळले नाही. बँकेच्या भाषेत मांडल्यावर कळले. जुन्या काळी चेक काउंटरवर दिला की टोकन मिळे. चेक या टेबलावरून त्या टेबलावर सरकत सरकत शेवटच्या टेबलापाशी जाई, तिथे एकच अधिकारी सगळे चेक पास करी. सीसीडीत प्रत्येक ठिपक्यावर पडलेल्या प्रकाशाची वीज अशीच शेजारच्या घरात सरकत सरकत टोकाला जाते आणि तिथे मोजली जाते. पुढे आला तो सीमॉस. यात प्रत्येक टेबलावर आपापला शिक्का. जागच्या जागी काम. झटपट, स्वस्त आणि वीज कमी खाणारा. त्यामुळे २००० सालानंतर हळूहळू सीमॉसचे राज्य झाले आणि सीसीडीवाले कॅमेरे आमच्या टोकनांसारखे इतिहासजमा झाले.

आणि रंग? सिलिकॉनला रंग कळतच नाही. त्याला फक्त उजेड कमी की जास्त एवढे समजते. म्हणून कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी ठिपक्यांवर रंगीत गाळण्यांची चौकट बसवली. तिचे पेटंट १९७६ चे. दर चार घरांत दोन हिरवी, एक लाल, एक निळे. प्रत्येक घर स्वतःचा एकच रंग मोजते. उरलेले दोन शेजाऱ्यांच्या आकड्यांवरून अंदाजाने भरायचे. म्हणजे असल्या डिजिटल फोटोतल्या रंगांच्या तीन आकड्यांपैकी दोन अंदाजाचे! अशी खतावणी आम्ही लिहिली असती तर ऑडिटरने शाखेलाच टाळे लावले असते. तेव्हा सीसीडीचे रंग नैसर्गिक आणि सीमॉसचे कृत्रिम, असा जो एक भक्तिसंप्रदाय हल्ली तरुण मंडळींत निघाला आहे, त्याला फारसा आधार नाही. रंग ठरतो तो गाळण्यांवरून आणि पुढे हिशोब मांडणाऱ्या कारकुनावरून. जुन्या कॅमेऱ्यातला कारकून साधा असतो इतकेच. त्याला चेहरा ओळखता येत नाही, त्यामुळे तो कोणाला गोराही करत नाही.

हे कळूनही मी एका शनिवारी मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात गेलो. तिथे कॅमेऱ्यांची दुकाने खेटून आहेत. निकॉनचा डी४० घेतला. २००६ सालचा, सीसीडीचा, फक्त ६ मेगापिक्सेलचा. नव्या मोबाइलच्या दहाव्या हिश्शात आला. घटत्या शिलकेच्या पद्धतीने घसारा काढला तर मालमत्तेची किंमत शून्य कधीच होत नाही, असे आम्हाला कॉलेजात शिकवले होते. ते तत्त्व त्या काउंटरवर मी डोळ्यांनी पाहिले. भिंग मात्र १९७० च्या आसपासचे निकॉर, ५० मिलिमीटरचे, सगळे धातूचे, हातात घेतल्यावर वरवंट्याची आठवण व्हावी असे. निकॉनने १९५९ साली भिंग बसवायची जी खोबण ठरवली तीच ४७ वर्षांनी निघालेल्या कॅमेऱ्याला आहे. आमच्या घरात एका प्रेशर कुकरची शिट्टी दुसऱ्याला बसत नाही.

भिंगांच्या बाबतीत तर घसाऱ्याचे गणित उलटेच आहे. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के उजेड परत फिरतो. १८९० च्या दशकात हॅरोल्ड डेनिस टेलर या इंग्रजाला असे आढळले की, जुनी होऊन डागळलेली भिंगे नव्याकोऱ्यांपेक्षा जास्त उजेड आत सोडतात! काळाने काचेवर चढवलेला पातळ थरच परत फिरणारा उजेड अडवत होता. पुढे १९३५ साली झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी असा थर मुद्दाम चढवायची रीत काढली, आणि आज भिंगात जी निळी-जांभळी झाक दिसते ती तेव्हापासूनची. साठी-सत्तरीतल्या काही जपानी भिंगांत थोरियम घातलेली काच असे. ती वयाने पिवळी पडते आणि फोटो उबदार दिसतात. ज्यांना ही ऊब नको ते भिंग उन्हात ठेवतात, काही दिवसांनी पिवळेपणा उतरतो. म्हणजे कुरडयांशेजारी भिंगही वाळत घालायला हरकत नाही.

माझ्या भिंगात आणि कॅमेऱ्यात साठ्याचे नाते असले तरी बोलणे नाही. असे जुने भिंग लावले की डी४० उजेड मोजत नाही. सगळे आपण ठरवायचे. फोकस जमला तर आत एक हिरवा ठिपका लागतो, तेवढाच संवाद. पहिले वीस फोटो काळे आले, पुढचे वीस पांढरे. आई शांतपणे बसून होती. "तुझ्या वडिलांचा स्कूटर शिकतानाचा चेहरा असाच होता," एवढेच ती मधे म्हणाली.

उजेड जमला तेव्हा रंगाचा प्रश्न आला. कॅमेऱ्याला पांढरे काय ते दाखवावे लागते. एखादी पांढरी वस्तू समोर धरायची आणि सांगायचे, बाबा रे, हे पांढरे. बाकीचे यावरून ठरव. थोडक्यात नमुना सही. मी म्हटले, "आई, काहीतरी स्वच्छ पांढरं दे." ती आत गेली आणि कपाटातून बाबांचा सदरा घेऊन आली. सहा वर्षांत तो कोणी घातलेला नव्हता, पण धुवून, घडी करून ठेवलेला. "याच्यापेक्षा पांढरं या घरात काही नाही," ती म्हणाली. मी सदरा खिडकीपाशी धरून कॅमेऱ्याला दाखवला आणि फोटो घेतला.

तो फोटो आला आणि आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आई होती. सावळी, कपाळावर आठ्या, गालावर वांग, डोळ्यांखाली तिची ती जुनी काळी वर्तुळे. पण काळोख कुठे नव्हता. चुलीवरच्या मातीच्या भांड्याला असते तशी त्या रंगाला आतून ऊब होती. आईने आपला हात पडद्याशेजारी धरला, इकडे बघितले, तिकडे बघितले. आम्ही काउंटरवर सही ताडतो तसे. "हं," ती म्हणाली, "ही मी."

दुसऱ्या दिवशी हा विजय मी सहकाऱ्यांना सांगितला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "सदऱ्याला नीळ घालत होता का?" घालत होतो. आई आजही घालते. "मग गडबड झाली," ते म्हणाले. नीळ घातलेले कापड किंचित निळे असते. कॅमेऱ्याने त्यालाच पांढरे मानले, सगळ्या चित्रातला निळा तेवढा कमी केला आणि फोटो पिवळसर उबदार झाला. माझ्या नैसर्गिक रंगात चूक होती, आणि ती पुराव्यानिशी सापडली होती.

बँकेतला मनुष्य चूक सापडल्यावर झोपू शकत नाही. मी रविवारी कोरा कागद दाखवून पुन्हा तसाच फोटो घेतला. तीच खिडकी, तीच खुर्ची. रंग अगदी शास्त्रोक्त. आईने तो बघितला आणि म्हणाली, "ही आजारी आहे का रे?"

मी विचार करत बसलो. गालांना गुलाबी रंग देणारा तो रंगारी, कार्डावरची ती शर्ली, मोबाइल आणि माझा कोरा कागद, या सगळ्यांनी आईचा रंग दुसऱ्याच कोणाच्या तरी नमुन्याशी ताडला होता. एकट्या सदऱ्याने तेवढा तिच्या ओळखीच्या नमुन्याशी. त्यात नीळ होती हे खरे. पण मॅक्सवेलची तेरीज चालते तर आमचीही चालायला हरकत नाही. शास्त्रोक्त फोटो मी रद्द केला आणि निळीचा पास केला.

तो छापून, फ्रेम करून आणला तेव्हा आईने तो नीट बघितला, पदराने काच पुसली आणि कपाटात बाबांच्या सदऱ्याच्या घडीखाली ठेवून दिला.

"भिंतीवर लावू या की," मी म्हटले.

"राहू दे," आई म्हणाली. "तुमच्या बँकेत तो तारीख न घातलेला चेक असतो ना, तसा राहू दे. आणि हे बघ, फोटो तयार आहे म्हणून लगेच घाई करायचं काही कारण नाही. उद्या येताना नीळ आण. संपलीय."